शेवटी पिणारं घर

बाटली दिसली की ते हलवायचे. औषधाचीच असं नाही. खोबरेल तेलाची, फिनाईलची, लग्नात वाटतात ती पाण्याची सीलबंद बाटलीसुद्धा. दोनदा हलवायची, उजेडाकडे धरून पाहायची, मग टोपण उघडायचं. पाण्यात काय हलवायचं असतं, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "हलवल्याबिगर कळत न्हाई."

उभं आयुष्य त्यांनी कंपाउंडरकी केली. आधी एका मिशन दवाखान्यात, तो बंद पडल्यावर सरकारी दवाखान्यात. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा मी शाळेत होतो. सगळं गाव त्यांना कंपाउंडर काका म्हणायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुसरी सवय गिलासाची. खाकी पिशवीत स्टीलचा एक गिलास कायम बरोबर असायचा. एसटी स्टँडवर चहा घेतला तर तो स्वतःच्या गिलासात. सोयरिकीला गेले तरी पाणी स्वतःच्या गिलासात. यजमानाला राग येईल याची फिकीर नाही. प्यायल्यावर गिलास विसळायचा, पंच्याने पुसायचा, पिशवीत ठेवायचा. लोक म्हणायचे, दवाखान्यात राहून राहून जंतूंची भीती बसली आहे. तेही नाही म्हणायचे नाहीत.

पण हाच माणूस दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये अख्ख्या मंडळीने तोंड लावलेल्या पितळी पेल्यातून प्यायचा, आणि तोही सगळ्यांत शेवटी. त्या पेल्यासाठी त्यांनी पुढे सगळ्या मंडळीशी वैर घेतलं. त्या वैराची ही गोष्ट आहे.

आमचं चर्च जाफराबाद रोडपासून थोडं आत आहे. दगडी भिंती, वर पत्रे, समोर एक चिंच. पाटीवर 'प्रेस्बिटेरियन' असं लिहिलंय. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, त्यामुळे शेवटची अक्षरं खालच्या ओळीत गेली आहेत. त्या शब्दाचा आमच्यापुरता अर्थ इतकाच की आमच्यावर बिशप नाही. मंडळी आपल्यातूनच वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, निवडते. ते वडील आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळून कारभार बघतात. हे ऐकायला फार लोकशाहीचं वाटतं, आणि आहेही. पण मत देणारा माणूस जसा असतो तशीच त्याची लोकशाही असते.

मंडळीची घरं दोन आळ्यांत आहेत. वरच्या आळीतली पूर्वीची महारांची, खालच्या आळीतली पूर्वीची मांगांची. मी खालच्या आळीचा. कोणी कोणत्या आळीचा हे आता विचारत नाहीत, कारण सगळ्यांना माहीतच असतं.

काही वर्षांपूर्वी मंडळीचा मोठा वर्धापनदिन आला. पाळकसाहेबांनी मला स्मरणिकेसाठी चर्चचा इतिहास लिहायला सांगितला. आमच्या घरात पत्रकांचा राबता होता. मिशनची पत्रकं यायची, चळवळीची यायची, आणि माझे वडील दोन्ही वाटत फिरायचे. एकात देवाचं राज्य, दुसऱ्यात माणसाचं. तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. जुन्या कागदांत मिशनरी साहेबांची नावं होती, कोनशिलेचा मजकूर होता, शाळा कधी उघडली आणि विहीर कोणी खोदली याच्या नोंदी होत्या. मी कंपाउंडर काकांकडे गेलो ते अजून काही मिळेल म्हणून.

ते ओट्यावर बसून दाढीचा ब्रश उन्हात वाळवत होते.

"काय रे पत्रकवाल्या, काय लिहून राह्यला?"

मी सांगितलं. साहेब, शाळा, विहीर.

"ते साहेबाच्या मिशनचं झालं. आपल्या मंडळीचं काय?"

मग त्यांनी जे सांगितलं त्याला लेखी पुरावा नाही. पण वरच्या आळीतल्या आणि खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ते मला वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं.

साहेब बैलगाडीतून यायचा. दोन्ही आळ्यांनी बाप्तिस्मा घेतला, एकाच छपराखाली गायला लागल्या, प्रार्थना करायला लागल्या. पण प्रभुभोजनाची वेळ आली आणि गाडी अडली. भाकरीचे तुकडे वेगवेगळे करता येतात. द्राक्षारसाचा पेला एकच होता. वरच्या आळीचं म्हणणं, आधी आम्ही पिऊ, मग त्यांनी प्यावं. खालच्या आळीचं म्हणणं, असं असेल तर आम्ही होतो तिथेच बरे होतो. साहेबाचं म्हणणं, आळीप्रमाणे पेला फिरणार नाही, बसलेत तसा फिरेल. गावाने दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं. बाहेर ठेवलेल्यांनी आपसात पुन्हा वर-खाली केलं होतं. देव बदलला होता, रांग तीच होती.

मग कित्येक वर्षं असं चाललं. दर तिमाहीला साहेब पेला घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा, विचारायचा. कोणी जागचं हलायचं नाही. साहेब पेला फडक्यात गुंडाळून परत घेऊन जायचा. लग्नं झाली, मर्तिकं झाली, पोरांचे बाप्तिस्मे झाले. प्रभुभोजन नाही.

पुढे पटकीची साथ आली. काकांच्या पणजीला जुलाब लागले. तिच्या वरच्या आळीने दारं लावून घेतली. खालच्या आळीतली एक बाई तांब्या घेऊन आली आणि तिला पाणी पाजत बसली. आपल्या घरचा तांब्या, आपल्या हातचं पाणी. पणजी जगली. पुढच्या तिमाहीला ती चर्चमध्ये आली ती सरळ शेवटच्या बाकावर, खालच्या आळीतल्या बायांच्याही मागे जाऊन बसली. म्हणाली, मी ह्यांच्यामागून पिणार. साहेबाने पेला फिरवला. तो सगळ्यांच्या हातातून गेला आणि तिच्यापाशी संपला.

"त्या दिवशी मंडळी झाली," काका म्हणाले. "भिंती नंतर बांधल्या."

मी हे सगळं लिहून दिलं. मंडळीच्या वडिलांच्या बैठकीत ते वाचलं गेलं आणि काढून टाकलं गेलं. आपल्यात जात होती असं छापलं तर बाहेरचे काय म्हणतील, असं एका वडिलांचं म्हणणं पडलं. स्मरणिकेत साहेब राहिला, शाळा राहिली, विहीर राहिली. पणजी गेली. मी भांडलो. माझं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि घरी पाठवलं. काकांना सांगितलं तर त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही.

"मिक्श्चर हाय आपली मंडळी," ते म्हणाले. "ठिवून दिलं की गाळ खाली बसतो, पाणी वर येतं. मंग वरचं पाणी म्हणतं, मीच औषध. म्हणून तिमाहीला हलवायचं. त्याच्यासाठीच त्यो पेला हाय, दुसरं काय न्हाई."

प्रभुभोजनाचा इतका सोपा अर्थ मी कोणत्याही उपदेशात ऐकला नाही. पाळकसाहेबांना तो पटणारा नव्हता.

पणजीच्या त्या दिवसापासून काकांच्या घराने शेवटी प्यायचं असा रिवाज पडला. पणजीनंतर तिची सून, सुनेनंतर काकांची आई. तेव्हा पेला आधी पुरुषांच्या बाजूला आणि मग बायकांच्या बाजूला जायचा. काकांची आई वारली आणि घरात बाई उरली नाही. तर मंडळीने काय करावं? पेल्याची वाटच उलटी केली. आधी बायकांकडे, मग पुरुषांकडे, म्हणजे तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर काकांपाशी येऊन संपेल. एका घराच्या नम्रतेसाठी मंडळीने एवढी सोय केली, याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

त्यांना तीनदा वडील म्हणून निवडलं. तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. वडील पुढच्या बाकावर बसतात आणि पेला आधी त्यांच्याकडे जातो. "पुढं बसलो तर घराचं काय?" असं ते विचारायचे, जणू घरातली म्हैस सोडून चालले आहेत.

पेल्याची निगाही त्यांच्याकडेच होती. पितळेचा पेला, आतून कल्हई. वर्षातून एकदा ते तो पंच्यात गुंडाळून जालन्याला मस्तगडला न्यायचे. तिथे एक कल्हईवाले चाचा होते. चाचा निखाऱ्यावर पेला धरायचे, नवसागर टाकायचे, कथील फिरवायचे, आणि काका शेजारी उकिडवे बसून 'वर, अजून वर, कडेला' असं सांगत राहायचे. मी एकदा बरोबर गेलो होतो. चाचांनी माझ्याकडे बघून उर्दूत विचारलं की हे बुजुर्ग दवाखान्यात डॉक्टरांनाही असंच शिकवायचे का. काकांना ते कळलं. म्हणाले, "बिलकुल."

रसही तेच करायचे. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या, बाटलीत भरायच्या. बाटली टेबलावर ठेवण्याआधी हलवायची. पाळकसाहेबांनी एकदा बाजारातल्या सरबताचा विषय काढला होता. तो पुन्हा कोणी काढला नाही.

उपदेश लांबला की काका खोकायचे. एकदा खोकले म्हणजे आवरतं घ्या. दोनदा खोकले म्हणजे आता शेवटचं गीत. तरुण पाळक पहिल्या महिन्यात गोंधळायचा, दुसऱ्या महिन्यात शिकायचा. बायका म्हणायच्या, आपल्या चर्चला घंटा दोन आहेत, एक बाहेर टांगलेली आणि एक शेवटच्या बाकावर बसलेली.

मग कोरोना आला. चर्च बंद राहिलं. उघडलं तेव्हा टेबलावर पेला नव्हता. एका ट्रेमध्ये प्लास्टिकचे बारके बारके गिलास मांडले होते, प्रत्येकाला एक. ते आणले होते आशाताईने. ही खालच्या आळीतली, माझ्या आईची चुलत बहीण, गावाची आशा कार्यकर्ती आणि मंडळीने निवडलेल्या वडिलांपैकी एक. साथीत ती घरोघर फिरली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, दोन मर्तिकं तिने स्वतः उचलली होती. तिच्या बारक्या गिलासांना कोण नाही म्हणणार? काकाही म्हणाले नाहीत. साथ आहे तोवर बराबर आहे, असं म्हणाले आणि शेवटच्या बाकावर बसून बारका गिलास घेतला.

साथ गेली. गिलास राहिले. सोय सगळ्यांना आवडली. पेला कपाटात फडक्यात पडून हिरवट झाला.

काकांनी बैठकीत विषय मांडायला लावला. मंडळीचे वडील नसल्याने त्यांना आत बसता येत नव्हतं, म्हणून ते उंबऱ्यावर बसले. मी इतिवृत्त लिहायला होतो.

आशाताईने सरळच विचारलं.

"काका, एसटीत तुम्ही सोताचा गिलास घेऊन बसता. सोयऱ्याच्या घरी गेले तरी दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावत न्हाई. अन् इथं पन्नास जणांच्या उष्ट्याला लावा म्हणता. ह्याला काय म्हणावं?"

काकांनी पिशवीतला गिलास बाहेर काढला.

"जवान असताना हॉटेलात चहा मागितला," ते म्हणाले. "मालकानं कप दिला, त्यो बाहेर वळचणीला ठेवलेला. कानतुटका. आपल्यासाठीचा. म्या त्यो ठिवला तिथंच. दुसऱ्या दिवसापासून माझा गिलास माझ्यासंगं. जंतूबिंतू नंतर शिकलो. आता तू सांग, इथं मला येगळा गिलास कोण देऊन राह्यलं? तूच ना?"

मी लिहायचं थांबलो. आशाताई मात्र दबणारी नव्हती.

"एकट्याला येगळा दिला तर ती जात, काका. समद्यांना येगळा दिला तर ती साफसफाई. अन् खरं सांगू? पेला व्हता तव्हा तुमच्या आळीतल्या दोन बाया कड पुसल्याबिगर आमच्याकडून घेत नव्हत्या. आम्ही बघत नव्हतो का? गिलास आले, ती कटकट गेली."

"कटकट गेली न्हाई. दिसायची बंद झाली."

हे दोघंही बरोबर बोलत होते. पत्रकांत असं होत नाही. तिथे एक बाजू बरोबर असते आणि दुसरी चूक, आणि लिहिणाऱ्याला ओळी सुचत जातात. मी त्या दिवशी इतिवृत्तात फक्त निकाल लिहिला. हात वर झाले, गिलास जिंकले. काकांच्या बाजूने एकच हात होता, पाळकसाहेबांचा, आणि तोही अर्धाच वर गेला होता.

काका उठले, पंचा झटकला. "बराबर हाय. मंग मला तहान न्हाई," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दर तिमाहीला ते यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. भाकरीचा तुकडा घ्यायचे. ट्रे आला की हात जोडून म्हणायचे, तहान न्हाई. रस मात्र तेच करून आणायचे, आणि बाटली हलवून द्यायचे. पहिल्यांदा लोकांना वाईट वाटलं. नंतर राग आला. नंतर सवय झाली. पोरं तर एकमेकांना पाणी विचारलं की 'तहान न्हाई' म्हणून हात जोडायला लागली. ही चेष्टा काकांना माहीत होती. पण ज्या माणसाने पणजीपासूनची ती रीत ऐकली, जपली, तिच्यासाठी पुढची जागा सोडली, तो वर्षानुवर्षं प्रभुभोजनाविना बसून होता. त्यांच्या दृष्टीने मंडळी पुन्हा पटकीच्या आधीच्या दिवसांत गेली होती. त्यांना पेला परत हवा होता, आणि वय झालं होतं.

दरम्यान त्यांचा खोकला वाढला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो खोकला म्हणजे आवरा, असंच सगळ्यांना ठाऊक. पाळकसाहेब बिचारे उपदेश छोटे करत गेले. एका रविवारी तर वचन वाचून झालं आणि लगेच आशीर्वाद झाला. लोक खूश होते. आशाताईने ओळखलं. उपदेश संपल्यावरसुद्धा म्हातारा खोकतो आहे, हे तिने पाहिलं. ती त्यांना धरून जाफराबादला घेऊन गेली, थुंकी तपासायला दिली. टीबी निघाला.

सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. त्या द्यायचं काम आशाताईचंच. ती रोज सकाळी वरच्या आळीत जायची, माठातलं पाणी त्यांच्या स्टीलच्या गिलासात ओतायची, गोळ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

"मी जिंदगीभर लोकांना गोळ्या दिल्यात," ते म्हणायचे. "मला काय शिकवून राह्यली?"

"दिल्या. खाल्ल्या का कधी? तोंड उघडा. जीभ वर करा."

गोळ्यांचं पाकीट ते आधी हलवायचे. ती म्हणायची, हलवा, पण जल्दी, मला अजून चार घरं आहेत. कधी भांडण, कधी गप्पा. मी एकदोनदा तिथे होतो. पेल्याचा विषय दोघंही काढत नव्हते.

तिमाही आली. पाळकसाहेब घरी भाकर आणि बारका गिलास घेऊन गेले. आजाऱ्याला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायची रीत आहे. काका खाटेवर बसले होते. भाकर घेतली. गिलास बघून हात जोडले. पाळकसाहेब हताश होऊन परतले. बाहेर आशाताई उभी होती. त्या दिवशी ती आमच्या घरी येऊन बसली आणि आईला म्हणाली, "म्हातारा माझ्या हातानं रोज पाणी पितो अन् देवाच्या घरचं तेवढं सोडतो. हे बघवत न्हाई मला."

पुढच्या बैठकीत तिनेच विषय मांडला. ट्रे राहील, पेलाही येईल; ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. पेला घेणारा कड पुसून पुढे देईल. आणि काकांचा रिपोर्ट साफ येईपर्यंत पेला टेबलावर येणार नाही. या शेवटच्या अटीवर काका स्वतःच म्हणाले, बराबर हाय, मी अजून कंपाउंडर असतो तर मीबी हेच सांगितलं असतं. हात सगळे वर गेले. पेला मस्तगडला तीच घेऊन गेली. परत आल्यावर मी विचारलं, चाचा काही म्हणाले का. म्हणाली, ते बुजुर्ग कुठे आहेत विचारत होते. त्यांच्याविना कल्हई करताना हात चुकल्यासारखा वाटला म्हणे.

रिपोर्ट साफ आला.

त्या रविवारी काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. बरेच वाळले होते. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, शेवटच्या जागी बसले. मी त्यांच्या अलीकडे होतो. ट्रे फिरला, बहुतेकांनी गिलास घेतले. मग पेला निघाला. बायकांच्या बाजूला काहींनी घेतला, काहींनी नुसता हातात धरून पुढे दिला. आशाताईपाशी आला तेव्हा तिने घेतला नाही, पुढे दिला. मला जरा नवल वाटलं. आमच्या बाजूला आला. मी प्यायलो, कड पुसली, काकांना दिला.

त्यांनी दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले. बऱ्याच वर्षांनी तो त्यांच्या ओठांना लागत होता. शेवटच्याने पेला रिकामा करायचा अशी रीत. त्यांनी घोट घेतला, पुन्हा उचलला.

"काका, थांबा. समदं पिऊ नका."

आशाताई बायकांच्या बाजूने उठून मधली वाट ओलांडून आली होती. गीत चालू होतं, त्यामुळे मागच्या दोन बाकांपलीकडे फारसं कोणाला ऐकू गेलं नसेल. तिने त्यांच्या हातातून पेला घेतला, तळाशी राहिलेलं पिऊन टाकलं, आणि पेला उलटा करून पंच्यावर ठेवला.

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कोणी वावर बळकावलं तर होईल तसा झाला.

"हे काय केलं तू? शेवटी आमचं घर असतंय."

"कधीपासून?"

"पणजीपासून. तुला माहीत न्हाई?"

"माहीत हाय. पणजी शेवटी बसली ती आमच्या मागं बसायची म्हणून. तुम्ही शेवटी बसता ते तुमचं घर म्हणून." ती हळू बोलत होती. "सहा महिने तुमच्या गिलासात पाणी मी ओतलं, काका. आज शेवटी मी पिली. त्याच्यात तुमचं काय गेलं?"

काकांनी पेला सुलटा केला, आत पाहिलं.

"हलवलं मी," ती म्हणाली. "गाळ बसला व्हता."

ती आपल्या जागेवर गेली. शेवटचं कडवं संपलं, आशीर्वाद झाला. काका कोणाला सलाम न करता पंचा खांद्यावर टाकून निघून गेले. पेला मीच कपाटात ठेवला.

पुढचे काही रविवार ते आले नाहीत. आजारी नव्हते. ओट्यावर बसलेले दिसायचे. आशाताई गोळ्या संपल्या तरी सकाळी जाऊन यायची. काय बोलणं व्हायचं, ते दोघांनीही सांगितलं नाही. आईने एकदा विचारलं तर म्हणाली, "बोलत न्हाई. पण दार उघडं ठेवतो." पाळकसाहेबांचे उपदेश पुन्हा लांबले.

तिमाही आली. मनुकांच्या रसाची बाटली टेबलावर होती. ती कोणी आणून ठेवली ते मी पाहिलं नाही. मी आत गेलो तर दाराजवळचा शेवटचा बाक रिकामा होता. काका होते, पण मधल्या रांगेत, बाकाच्या मधोमध. इतक्या लवकर आले होते की झाडलोट करणाऱ्या बाईने त्यांना पाय वर घ्यायला लावले होते म्हणे. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी बघितलं नाही. शेवटच्या बाकावर उशिरा आलेला एक ट्रॅक्टरवाला बसला, तिथे बसण्याचा काही अर्थ असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

उपदेश झाला. काका खोकले नाहीत.

पेला निघाला. बायकांच्या बाजूने फिरून आमच्या रांगेत आला, काकांच्या हातात आला. त्यांनी घोट घेतला. पंच्याच्या टोकाने कड पुसली. पुन्हा पुसली. कड स्वच्छ झाली होती तरी पुसत राहिले, पेला फिरवत फिरवत. मागची माणसं मान उंचावून बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उभ्या आयुष्यात पेला पुढे द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. तो नेहमी त्यांच्यापाशी येऊन संपायचा.

शेवटी त्यांनी तो माझ्याकडे केला. मी धरला. त्यांनी सोडला नाही. दोघांचेही हात पेल्यावर होते.

"सोडा ना, काका," मी म्हणालो.

त्यांनी सोडला.